विजयदुर्ग, समोरून

आम्हा कोल्हापूरकरांचं कोकण ठरलेलं असतं. पहाटे निघायचं, गगनबावड्याला धुक्यात उभं राहून चहा घ्यायचा, करूळ नाहीतर भुईबावडा घाट उतरताना मागं बसलेल्या पोरांच्या हातात आवळासुपारी द्यायची आणि तळेरे आलं की ‘आता आलंच’ म्हणत आणखी तास-सव्वा तास गाडी हाकायची. विजयदुर्ग त्यातल्या त्यात जवळ, म्हणून आमच्या घरचं लाडकं. एसटी स्टँड, पुढं किल्ला, तटावरून समुद्र, सुरमईची थाळी, आगळाच्या दोन बाटल्या आणि अंधार पडायच्या आत घाट चढून परत. या हिशेबात विजयदुर्ग म्हणजे रस्ता संपतो ती जागा. पुढं पाणी आहे, म्हणून थांबायचं, एवढंच.

त्याच विजयदुर्गात मागच्या हिवाळ्यात मी पाण्याच्या बाजूनं शिरलो, आणि आपण आजवर या गावात परसदारानं ये-जा करत होतो हे ध्यानात आलं. पुढचं दार कधी बघितलंच नव्हतं.

झालं असं, की आमच्या दाजींचे एक मित्र मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेत. त्यांनी शिडाची एक जुनी बोट घेतलीय आणि थंडीत ती ते मुंबईहून गोव्याला नेतात. घाई नाही, संध्याकाळ झाली की जे बंदर येईल तिथं नांगर टाकायचा. या खेपेला दाजींनी मलाही ओढलं. पोहता येतं म्हणून नव्हे (पंचगंगेच्या घाटावर शिकलेलं पोहणं दर्यात कितपत कामाला येतं, अंबाबाई जाणे), तर इंजिनाचं कळतं म्हणून. उद्यमनगरात आमचं टर्निंगचं छोटं शॉप आहे. डिझेल इंजिन, पंप, शाफ्ट, बुश यांतच हयात गेली. बायकोनं भडंगाचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा दिला, ‘लाइफ जॅकेट झोपतानाही काढू नका’ अशी ताकीद दिली, आणि मी निघालो.

पहिल्या दिवशीच्या उलट्यांबद्दल लिहून कुणाचा चहा बिघडवत नाही. नंतर पोट बोटीला सरावलं आणि मग वाऱ्याचं वेळापत्रक कळायला लागलं. रात्री जमीन लवकर निवते, पाणी तेवढं निवत नाही, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडं मतलई वारा सुटतो. दहा-अकराच्या सुमारास तो मरतो. मग शिडं लोंबकळतात, ऊन डोक्यावर येतं, बोट नुसती डुलत राहते आणि कुणी कुणाशी बोलत नाही. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा येतो आणि दक्षिणेला निघालेल्या बोटीला मागून रेटत नेतो. मतलई वारे आणि खारे वारे यांची बाणांची आकृती काढून मी शाळेत मार्क मिळवले होते. त्या बाणांवर माणसं पोट भरतात, घरी परतायची वेळ ठरवतात, हे मात्र भूगोलाच्या सरांनी कधी सांगितलं नाही. त्यांनाही बहुतेक ठाऊक नसावं, तेही आमच्याच पेठेतले.

दुसरी गोष्ट म्हणजे, समुद्रातून कोकण हिरवं दिसत नाही. आपण घाटातून उतरतो ते माडा-पोफळीत, आमराईत, म्हणून आपल्या डोक्यात कोकण म्हणजे हिरवं. पाण्यातून दिसते ती सड्याची, म्हणजे कातळाच्या पठाराची, कडा, काळपट, तांबूस, मैलच्या मैल सपाट. रत्नागिरी सोडल्यावर पूर्णगड, आंबोळगड, मग राजापूरच्या खाडीचं तोंड, जैतापूरचं दीपगृह, माडबनचा सडा. एवढ्या टापूत गावं किती असतील, पण पाण्यातून बोटावर मोजण्याइतकीच घरं दिसली. गावं सगळी खाडीच्या तोंडाआड, वाऱ्यापासून आणि चाच्यांपासून अंग चोरून बसलेली. खाडीच्या मुखाशी जाऊन वळल्याशिवाय पत्ता लागत नाही.

जैतापूरच्या आसपास वारा पडला म्हणून मालकांनी इंजिन लावलं, आणि थोड्याच वेळात तापमानाचा काटा चढायला लागला. बोटीच्या इंजिनाला गार ठेवायला समुद्राचंच पाणी घेतात. एक पंप ते खालून ओढतो, हीट एक्स्चेंजरमधून फिरवतो आणि एक्झॉस्टच्या पाइपातून मागं टाकून देतो. मी वाकून मागं बघितलं. पाणी नाहीच, नुसती वाफ. ‘बंद करा, बंद करा’ म्हणून ओरडलो. पाण्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती. दाजींनी हुक घालून काढली, पण तोवर पंप कोरडा फिरला होता. या पंपात रबराचा इंपेलर असतो, पाणी ढकलणारं पात्यांचं चाक. त्याला पाणी हेच वंगण. पाणी नसलं की मिनिटा-दोन मिनिटांत पाती जळून तुटतात.

मालक शांत होते. म्हणाले, “तीनला वारा येईल. शिडावर विजयदुर्गात शिरू. या किनाऱ्यावर याच्याएवढं सरळ बंदर दुसरं नाही.”

त्या बोलण्यातलं खरं काय ते मला दोन तासांनी कळलं. वारा आला, अगदी सांगितल्यासारखा, वायव्येचा. समोर किल्ला उभा राहायला लागला. गाडीतून येताना किल्ला गावाच्या टोकाशी बसलेला, थोडासा ओशाळा वाटतो, काही ठिकाणी तट ढासळलेला, बुरुजांवर झुडपं. पाण्यातून तो तसा दिसत नाही. तटाच्या एकामागं एक चढत गेलेल्या रांगा दिसतात आणि आपण फार लहान आहोत असं वाटतं. मालकांनी पश्चिमेची बाजू लांबून टाळली. तिकडं पाण्याखाली दगडी भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी बुड्या मारून ती पाहिली, मोजली आहे, शंभर मीटरहून लांब भरते. शत्रूची खोल बुडाची गलबतं तिच्यावर आपटून फुटायची, असं गावात सांगतात. मालक इतिहासात फारसे पडत नाहीत, पण तेवढ्यापुरता त्यांनी इतिहासाला मान दिला.

मग उत्तरेच्या बुरुजाला वळसा घातला आणि लाट थांबली. कमी झाली नाही, थांबलीच. बाहेर दिवसभर हाडं खिळखिळी करणारं तेच पाणी इथं वाघोटनच्या खाडीत ताटात ओतल्यासारखं पडलेलं. तेव्हा उमगलं की किल्ला नेमका इथंच का बांधला. जो वारा तुम्हाला आत आणून सोडतो, त्याच वाऱ्याच्या लाटा किल्ल्याचं टेकाड अडवून धरतं. आणि आत येणारी प्रत्येक बोट तटावरच्या तोफांच्या खालूनच जाते. कितीदा तरी त्या तटावर उभं राहून आम्ही फोटो काढलेत, गाइडची टकळी ऐकलीय, पण ही साधी गोष्ट कधी डोक्यात शिरली नव्हती. इंजिन चालू असतं तर या खेपेलाही शिरली नसती. शिडावर असलं की वारा कुठून येतो आणि कुठं अडतो हे सोडून दुसरं काही सुचतच नाही.

नांगर टाकेपर्यंत धक्क्यावर पंचवीस-तीस माणसं जमली होती. गाडी घेऊन आलो की विजयदुर्गात आमच्याकडं ढुंकून कुणी बघत नाही, कशाला बघतील, रविवारी तिथं एमएच ०९ ची रांग असते. पाण्यातून येणाऱ्याचं तसं नाही. तो दिसायला लागल्यापासून नांगर पडेपर्यंत गावाला त्याच्याकडं बघायला तासभर मिळतो. घरांच्या पडव्या, दुकानांच्या पायऱ्या, जाळी वाळत घातलेली मोकळी जागा, सगळ्यांचं तोंड खाडीकडं. कौलं उतरलेली एक जुनी वखार होती, तिचासुद्धा मोठा दरवाजा पाण्याच्या बाजूला. रस्त्याच्या बाजूनं मी ती आजवर पडकी भिंत समजत होतो.

होडीतून धक्क्याला लागलो. पहिला प्रश्न आला, “खंयसून इलात?”

मालक म्हणाले, मुंबई. मी आपलं खरं सांगितलं, कोल्हापूर.

“कोल्हापूरसून बोटीन? घाट कसो उतारलात?”

हशा पिकला. ओळख झाली. सागरी पोलिसांनी कागद बघितले, नावं लिहून घेतली, बोटीत किती माणसं झोपतात याची चौकशी केली. एका मुलानं मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री कुणाच्या तरी ट्रॉलरवर होता, सकाळी येतो म्हणाला.

त्या संध्याकाळी धक्क्यावर एक आजोबा भेटले. गाबीत, ऐंशीच्या पुढचे, कान तिखट. त्यांच्या लहानपणी मुंबईहून बोट यायची. कोकणातल्या बहुतेक बंदरांत ती धक्क्याला लागायची नाही, खोल पाण्यात नांगर टाकायची, आणि पडाव भरभरून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या वर-खाली व्हायच्या. पावसाळ्यात बोटी बंद. पाऊस सरला की पहिली बोट येईल तेव्हा अख्खं गाव बंदरावर. “माझो आजो बोटीर हमाली करी,” म्हणाले, “मुंबयची पयली खबर त्येकाच कळा.” वाक्य म्हणताना आजोबांची मान ताठ झाली. गावातल्या सावकाराच्या आधी हमालाला बातमी, हा त्या बंदराचा रुबाब होता.

मी रामदास बोटीचं विचारलं. ती इकडची नव्हे, मुंबईहून रेवसला जाणारी. १७ जुलै १९४७ ला बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आजोबा तेव्हा पोर होते. त्यानंतर कितीतरी दिवस आई वडिलांना मुंबईला सोडायला तयार नव्हती, एवढंच त्यांना आठवत होतं. मग रस्ते झाले, एसटी आली, बोटी बंद पडल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती इथून बरीच आत, कणकवली-वैभववाडीच्या अंगानं. आता मुंबई ते विजयदुर्ग रो-रो बोटीच्या बातम्या पेपरात येतात. आजोबांना त्याचं कौतुक नव्हतं. त्यांचा प्रश्न असा, की रो-रोतून माणूस गाडीसकट उतरणार, गाडीतच बसून निघून जाणार, मग बंदरावर थांबणार कोण? मला तो प्रश्न सरकारी अहवालात घालण्याच्या लायकीचा वाटला.

सकाळी मिस्त्री आला. चाळिशीचा असेल. हातात एक पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि कालचा पेपर. मी मनात म्हटलं, पेपर वाचायला आणलाय की काय. पंपाचं झाकण काढलं. आत इंपेलरचा नुसता दांडा, पाती गायब. मग त्यानं पेपर फळीवर पसरला आणि रबराचे तुकडे एकेक करून त्यावर मांडायला लागला. काही पंपाच्या पोटात मिळाले, काही पुढच्या होजमध्ये. प्रत्येक तुकडा पुसायचा, वळवून बघायचा, दुसऱ्याला लावून बघायचा आणि जुळला की त्याच्या शेजारी ठेवायचा. पाती सहा होती. पाच पुरी झाली. सहाव्याचं अर्धं टोक सापडेना.

दाजी म्हणाले, “जाऊ दे हो, एक बारका तुकडा तर आहे.”

मिस्त्रीनं वर बघितलंही नाही. “एक तुकडो आत रवलो तर परत तापतलां.”

त्यानं हीट एक्स्चेंजरचं तोंड सोडलं, तारेचा आकडा करून आत घातला, उलट्या बाजूनं फुंकर मारली, पुन्हा तार घातली. उन्हात अर्धा-पाऊण तास गेला. शेवटी एका नळीच्या वळणावर दातात अडकल्यासारखा बसलेला तो तुकडा बाहेर आला, नखाएवढा. मिस्त्रीनं तो पेपरवर त्याच्या जागी ठेवला, सहावं पातं पुरं केलं आणि मगच बिडी काढली. आमच्या उद्यमनगरात असे मोजके चार-दोन कारागीर उरलेत, आणि ते उद्धट म्हणून बदनाम आहेत.

आता नवा इंपेलर. मालकांकडं स्पेअर होता, पण तो आधीच्या पंपाचा. भोक २० मिलिमीटरचं, शाफ्ट १६ चा. मिस्त्रीनं व्हर्नियर लावला, मान हलवली आणि म्हणाला, “ह्येका बुश करूचो लागतलो. कोल्हापूरसून करून हाडूया.”

मी हसायलाच लागलो. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. त्याच्यासाठी ती नेहमीची वाट. इथल्या ट्रॉलरांचे गिअरबॉक्स, पंखे, शाफ्ट वर घाटावर जातात, आमच्याकडं टर्न होतात, वेल्ड होतात, परत येतात. म्हादबा मेस्त्रींसारख्यांनी कोल्हापुरात यंत्रकामाची जी परंपरा रुजवली, तिच्यावर शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं चालली हे आम्ही अभिमानानं सांगतो. कोकणातल्या बोटीही तिच्यावरच तरंगतात, हे आमच्या भाषणात कधी येत नाही.

पुतण्याला फोन लावला. “काका, चित्र टाका,” एवढंच म्हणाला. पेपरच्या कोऱ्या कडेवर मी चित्र काढलं. शाफ्ट आणि इंपेलरच्या मधे बसायची धातूची नळी, आत १६, बाहेर २०, लांबी ३०, मधून एक आडवी पिन. फोटो पाठवला. मिस्त्री मागून म्हणाला, पितळ नको म्हणून सांगा. बरोबर होतं. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागं भुसभुशीत तांबं उरतं. गनमेटल पाहिजे, तांब्या-कथलाचा मिश्रधातू. पुतण्यानं त्याच दुपारी करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पाठवला. मुंबईपासून पाण्यावरून हेलकावे खात, उलट्या करत आम्ही जिथं पोचलो होतो, तिथं तो बुश वडापावच्या कागदात गुंडाळून दुपारच्या जेवणापर्यंत हजर झाला. परसदारानं.

मधल्या वेळात गावभर हिंडलो. किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इथून हेलियमचा शोध लागला असं सांगतात आणि दरवर्षी त्या तारखेला कार्यक्रमही होतो. गाववाल्यांचा राग पत्करून सांगतो, हे जसंच्या तसं खरं नाही. त्या ग्रहणात सूर्याच्या प्रकाशातली पिवळी रेघ, म्हणजे हेलियमची खूण, टिपणाऱ्यांमध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनचं नाव घेतात, आणि तो गुंटूरला होता. गाववाले ज्यांचं नाव घेतात ते इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर साहेब तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ती रेघ त्याच वर्षी पुढं स्वतःच्या दुर्बिणीतून पाहिली. ग्रहण बघायला ते भारतात आले ते १८७१ मध्ये, केरळच्या किनाऱ्यावर बेकलला. पण ग्रहणाची सावली विजयदुर्गावरून गेली, हे मात्र पक्कं. तिथून ती घाट चढली. कोल्हापूरही त्या सावलीखाली आलं. पुढं जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल दुर्बीण लावून बसला होता. आता विचार करा, भर श्रावणात आकाशात काय दिसलं असेल! आमच्या पणजोबांनी सूर्य गिळलेला बघितला की नुसता अंधार, कोण जाणे. विजयदुर्गानं निदान ओटे तरी जपून ठेवलेत.

हेलियमपेक्षा मला गिर्ये गावाच्या हद्दीतली गोदी जास्त आवडली. मराठ्यांच्या आरमाराची, पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप यांच्या काळची. खडक खोदून केलेली. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की बुडाची कामं उरकायची. ना पंप, ना क्रेन. चंद्राकडून फुकटात काम करून घ्यायचं. मी काठावर उभा राहून बराच वेळ बघत राहिलो. दाजींना त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही, ते कालवं कुठं मिळतील याच्या तपासात होते.

रात्री बोटीवर झोपलो की मला त्याच पाण्यात जळालेल्या आरमाराची आठवण व्हायची. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून आले, जमिनीवरून पेशव्यांची फौज आली आणि तुळाजी आंग्र्यांची गलबतं याच बंदरात जळून खाक झाली. आम्हाला जी लाट लागत नव्हती म्हणून आम्ही खूश होतो, त्याच आडोशानं त्यांचा घात केला. बंदर जितकं बंद, तितकी शत्रू दारात आल्यावर पळायची वाट कमी. आणि हा शत्रू बाहेरचा एकटा नव्हता. मराठ्यांचंच आरमार मराठ्यांच्याच मदतीनं जाळलं, हे किल्ल्यात गाइड जरा भरभर सांगून पुढं जातात. मी त्यांना दोष देत नाही. थाळीच्या आधी कुणाला ऐकायचंय ते?

आणि कोल्हापूर? आपला आणि या पाण्याचा संबंध शनिवार-रविवारचाच, असं मीही समजत होतो. विजयदुर्गाचा पाया शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं घातला असं सांगतात. हा भोज आपल्या पन्हाळ्याचा. म्हणजे पन्हाळ्यावरून उतरलेली नजर थेट या खाडीपर्यंत पोचत होती. पुढं करवीरच्या गादीकडं सिंधुदुर्ग आणि मालवण होतं, स्वतःचं आरमार होतं. ईस्ट इंडिया कंपनीला त्याचा इतका जाच झाला की १७६५ मध्ये तिनं सिंधुदुर्ग घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं, आणि भरपाईच्या बोलीवर परत केला. १८१२ च्या तहात मालवण कायमचं इंग्रजांकडं गेलं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून पानिपतापासून पावनखिंडीपर्यंत सगळ्यावर वाद घालणारे आम्ही, आपल्या राज्याला समुद्र होता आणि तो गेला यावर एक दिवस तरी भांडलोय का?

तह झाला तरी व्यापार चालूच होता. बैलांवर, गाड्यांवर घाटावरून गूळ खाली जायचा. खालून मीठ, खोबरं, सुकी मासळी वर यायची. या वाघोटनच्या खाडीनं गलबतं खारेपाटणपर्यंत आत जायची, तिथून पुढं घाट. मग १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली, आणि आमच्या पेठेनं पाठ फिरवली. माल पूर्वेला मिरजेकडं, तिथून पुण्या-मुंबईकडं जायला लागला. कोकणातली बंदरं रस्त्यांनी मारली असं म्हणतात. त्याच्या आधी त्यांना आमच्या रेल्वेनं दमवलं होतं. आता कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची वाट आम्ही इतकी वर्षं बघतोय, की ती येईल तेव्हा येईल.

तरी माणसांची वाट अजून तीच आहे. त्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं. मिस्त्रीची बहीण कोल्हापुरात दिलेली. चहावाल्याचा मुलगा कोल्हापुरात डिप्लोमा करतोय. प्रत्येक जण मला सांगत होता की कोल्हापूर म्हणजे आपलंच गाव, आणि मला आमच्या गल्लीत विजयदुर्गाला आपलं म्हणणारं एकही माणूस आठवेना. आम्ही तिथलं खाऊन येतो, बस्स.

बुश बसला. जरासुद्धा हलेना, पुतण्याला मनातल्या मनात शाबासकी दिली. इंजिन चालू केलं, आम्ही सगळे मागं वाकलो आणि एक्झॉस्टमधून पाणी धबाधबा पडायला लागलं. धक्क्यावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मिस्त्रीनं पैसे सांगितले ते मला इतके कमी वाटले की मीच वर दिले, तर जास्तीचे परत केले. “तुमी कोल्हापूरचे. उद्या माजो गिअरबॉक्स येतलो तुमच्याकडे, तवा बघूया.” हिशेब हुशारीचा होता.

पहाटे मतलई सुटला तसे निघालो. देवगड, मालवण, वेंगुर्ला, मग गोवा. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. मालवणला धक्क्यावर इतकी पर्यटकांची गर्दी, की आम्ही समुद्रातून आलो काय नि रिक्षातून आलो काय, कुणाला फरक पडला नाही.

जूनमध्ये मिस्त्रीचा फोन आला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, इंजिनांची कामं त्याच दिवसांत निघतात. टेम्पोत दोन गिअरबॉक्स टाकून तो उद्यमनगरात येऊन थडकला. शॉपवर सगळं पोरांना समजावून झालं, आधीच्या बुशाचं कौतुक झालं, तांबडा-पांढरा झाला (“जरा तिखाट कमी चल्लां आसतां” असं म्हणून त्यानं पांढरा दोनदा मागून घेतला), आणि संध्याकाळी मी त्याला रंकाळ्यावर नेलं. आमच्याकडं पाहुण्याला दाखवायला पाणी म्हणजे तेवढंच.

भेळ खाल्ली. मग तो कठड्यावरून वाकून बोटिंगच्या पायडल बोटींकडं बघत राहिला. पाऊस म्हणून बोटिंग बंद होतं, सगळ्या बोटी काठाला बांधलेल्या. बराच वेळ गेला, मग म्हणाला, “ह्येका भरती-ओहोटी नाय मां?”

म्हटलं, तळं आहे ते मिस्त्री. पावसात चढतं, उन्हाळ्यात उतरतं.

“मग दोरी इतकी सैल कित्याक?”

मी काही बोलायच्या आत तो पायऱ्या उतरून खाली गेला. पहिल्या बोटीची गाठ सोडली, दोरी ओढून घेतली आणि हात न बघता नवी गाठ मारली. मग दुसरी. तिसऱ्या बोटीला हात घातला तसा खोपटातून राखणदार शिट्टी वाजवत धावत आला, “ओ पावणं, काय चाललंय?” मी मध्ये पडलो. मिस्त्रीनं त्याच्याकडं बघितलं, त्याच्या हातात दोरीचं टोक दिलं आणि म्हणाला, “हां, आता तुमी मारा बघू. दाखवतंय तुमका.”